वरचा घाव

तिनं खडूचा चुरा चिमटीत घेतला, रायफलीची नळी मागच्या भागाला जिथं मिळते त्या जागी टाकला आणि अंगठ्यानं हलके हलके चोळला. मग मऊ फडक्यानं वरचा पांढरा थर पुसून काढला. चुरा खाचांमध्ये तेवढा उरला आणि काळ्या पोलादावर खुणा उमटून वर आल्या.

"सांगा," क्युरेटर म्हणाला. "मी लिहून घेतो."

"इथं मुकुट होता. घासून काढलाय."

"मुकुट? मला तर काही दिसत नाही."

"दिसणार नाही. बोट फिरवा."

त्यानं बोट फिरवलं. पोलाद तिथं किंचित खोलगट लागत होतं, बशीच्या तळासारखं.

"त्याखाली वर्ष. मग घडवणाऱ्या कारखान्याचं चिन्ह. आणि हे मुंग्या चावल्यासारखे बारीक ठसे दिसतात ना, हे तपासनिसांचे. एकानं नळी बघितली, एकानं बोल्ट, एकानं लाकूड. ज्यानं त्यानं आपापला ठसा मारून ठेवलाय. उद्या काही झालं तर कुणाची मानगूट धरायची ते कळावं म्हणून."

क्युरेटर हसला. तिशीतला, सडपातळ, शर्टाचं गळ्याचं बटणही लावणारा. काचकारखान्याच्या जुन्या कचेरीचं संग्रहालय करायचं काम त्याच्याकडे आलं होतं आणि उद्घाटन नऊ दिवसांवर होतं.

"आणि हे बाण?"

"दोन बाण, टोकाला टोक लावलेले. म्हणजे सैन्यानं मोडीत काढून विकलेला माल. तुमच्याच खुणांच्या पुस्तिकेत आहे, पान अकरा. नंबर इथं आहे, बोल्टवर तोच आहे, लाकडावरही तोच. सगळी भावंडं एकाच आईची."

तो भराभर लिहीत होता. त्याच्या कोपराशी पितळेचा कोरा पत्रा होता, वीतभर रुंद, आणि त्यावर टाइप केलेला कागद. खुणांची यादी झाली की तो मजकूर पितळेवर कोरायचा, असं दुहेरी काम तिच्याकडे आलं होतं. बाजारपेठेत तिला सगळे पाटीवाली म्हणत. दारावरच्या पाट्या, शर्यतीच्या ढाली, कचेऱ्यांचे शिक्के, पोलादी ठसे, तीस वर्षं ती हेच करत आली होती. पोलादावर मारलेला घाव वाचणं तिला वर्तमानपत्र वाचण्याइतकं सरावाचं होतं.

कागदावरचा मजकूर तिनं पहिल्याच दिवशी वाचला होता, आणि परत वाचायची गरज पडली नव्हती.

'कामगारांच्या मोर्चावर याच रायफलीतून गोळी सुटली व एक भट्टीकामगार मृत्युमुखी पडला. फाटकावरील पहारेकऱ्याने आपल्या जबाबात म्हटले : "माझी चुकी होती."'

"तो 'चुकी' शब्द मुद्दाम तसाच ठेवलाय," क्युरेटर त्या दिवशी म्हणाला होता. "साध्या माणसाचा साधा शब्द. किती बोलका आहे, नाही?"

तिनं मान हलवली होती. तो पहारेकरी तिचा बाप होता, हे ती बोलली नव्हती. लग्नानंतरचं आडनाव वेगळं. त्याला कळायला मार्ग नव्हता. काम नाकारावं असं एकदा मनात आलं होतं. पण मग दुसऱ्या कुणीतरी ते कोरलं असतं, गाणी ऐकत, चहा पीत, आणि बापाचं वाक्य सरळ ओळीत बसलं की नाही एवढंच पाहिलं असतं.

तिनं रायफल कुशीवर वळवली. डाव्या अंगाला काचकारखान्याचा स्वतःचा ठसा होता : एक ज्योत आणि खाली सतरा आकडा. तिथं ती खडू चोळू लागली तर चुरा नीट बसेना. ज्योतीच्या आजूबाजूला काहीतरी गुळगुळीत होतं. तिनं लाकडी काडी स्पिरिटमध्ये बुडवून टोचली. काळं मेण सुटून काडीला आलं. आणखी टोचलं, आणखी आलं.

"अहो ताई, खराब नाही ना होणार?"

"कुणीतरी खाचा बुजवल्यात. त्या मोकळ्या करतेय."

पाव तासानं ज्योतीच्या टोकाशी दोन मोठी इंग्रजी अक्षरं निघाली. पुस्तिकेत ती कुठंच नव्हती. क्युरेटरनं दोनदा पानं उलटली. तिनं मात्र भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. ज्योतीचं टोक दुसऱ्या अक्षराच्या पायावरून गेलं होतं. ती तेवढ्याच जागेकडे पाहत होती.

मग तिनं पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल फिरवली, खुणेची नक्कल घेतली आणि कागद पर्समध्ये घातला.

"उद्या येते," ती म्हणाली.

*

चापवाला एका शिलाई मशीनच्या पोटात हात घालून बसला होता. बावीस वर्षं त्यानं सैन्याच्या शस्त्रांच्या कोठीवर बंदुका दुरुस्त केल्या होत्या. आता कुलपं, मशीनं, छत्र्या, जे येईल ते. नाव मात्र चापवालाच राहिलं होतं.

"या पाटीवाल्या बाई. माझ्या दुकानाची पाटी कधी करताय? फुकट म्हणालो होतो, म्हणून विसरलात वाटतं."

"काका, ही दोन अक्षरं कसली?"

त्यानं हात पुसले, कागद आधी लांब धरला, मग चष्मा कपाळावर सारून नाकाशी आणला.

"कुठं भेटली ही तुला?"

"संग्रहालयात."

"कवायतीची आहे. दोन अक्षरांचा अर्थ तेवढाच, फक्त कवायतीसाठी. जुनी झाली, झिजली, की हा ठसा मारायचे. हिच्यात गोळी घालायची नाही. घातलीस तरी सुटायची नाही. बोल्टच्या तोंडाचं भोक, गोळीवर आदळणारी पिन येते ते, बुजवलेलं असणार, बघ. आणि खालचं लाकूड उतरवलंस तर नळीला आरपार आडवं भोक दिसेल. मी स्वतः पाडलीत तसली, शंभरावर."

"म्हणजे मेलेली."

"ए, मेलेली कशाला?" चापवाल्याला ते लागलं. "खांद्यावर घेता येते, सलामी देता येते, समोरच्याला दरडावता येतं. समोरच्याला थोडंच ठाऊक असतं? फक्त बोलत नाही ती. आमच्या कोठीवर हिला मुकी म्हणायचे."

तिचा हात कागदाकडे गेला होता, तो तिथंच राहिला.

"काय म्हणायचे?"

"मुकी. एक बोलकी, एक मुकी. सकाळी रांग लागली की तेच चालायचं. तुझी कोणती रे? माझी बोलकी. तुझी? माझी मुकी. ज्याला मुकी मिळायची त्याची सगळे चेष्टा करायचे." तो परत मशीनकडे वळला. "तुझा बाप सैन्यातूनच फाटकावर गेला होता ना? त्याला ठाऊक असणार हा शब्द. तिथल्या सगळ्यांच्या तोंडी होता."

तिनं त्याच्या गल्ल्यावरचं पेन उचललं. नक्कल उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक ओळ लिहिली.

माझी चुकी होती.

त्याखाली दुसरी.

माझी मुकी होती.

एका अक्षराचा फरक होता. तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"कुणाची होती?" चापवाल्यानं खांद्यावरून वाकून वाचलं.

"काका, पाटी करते तुमची," ती म्हणाली. "या महिन्यात करते."

*

आई खिडकीशी शर्टांना बटणं लावत बसली होती. शिंप्याकडून रोज पंधरा शर्ट येत. डोळे साथ देत नव्हते, पण तिच्या बोटांना बटणाच्या चार भोकांची वाट पाठ झाली होती.

लेकीला सगळं आठवत होतं ते या खिडकीशीच. बाप तुरुंगात गेल्यावर गल्लीनं त्यांचं नाव गोळीवाल्याचं घर ठेवलं होतं. नळावर एकदा कुणीतरी ते मोठ्यानं म्हणालं, तेव्हा आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. "हो, गोळीवाल्याचीच बायको. लांब राहा, घरात नेम सगळ्यांचाच चांगला आहे." त्या दिवसापासून नळावर आईला पुढं जाऊ देत.

"आई, बाबा 'चुकी' म्हणायचे का गं?"

"आज काय हे मधेच?"

"सांग ना."

"तुझा बाप? तो 'चूक' म्हणायचा. तीही दुसऱ्याची. स्वतःची कधी निघालीच नाही त्याची." आईनं दातांनी दोरा तोडला. "'माझं चुकलं' असं आयुष्यात एकदा म्हणाला. माझ्या पायावर पेटी पाडली तेव्हा. करंगळी अजून वाकडी आहे."

"मग जबाबात 'चुकी' कशी आली?"

आईचा हात थांबला.

"तुरुंगात भेटायला गेलीस तेव्हा काय म्हणाले होते ते?"

"शंभरदा सांगितलंय."

"एकशेएकदा सांग."

"मधे जाळी. बाजूला शिपाई, घड्याळ बघत उभा. तुझा बाप म्हणाला, काळजी करू नकोस, मी खरं तेच सांगितलंय. त्यांनी लिहून घेतलंय, मला वाचून दाखवलंय. बरोबर लिहिलंय. मग अंगठा दिलाय. बस, एवढंच. वेळ संपली." तिनं नवं बटण घेतलं आणि ते बोटांत नुसतंच फिरवत राहिली. "मी घरी आले तर गल्लीभर झालेलं, कबूल केलं म्हणून. मी भांडले. सगळ्यांशी भांडले. तुला आठवतंय."

"आठवतंय."

"पण आतून मला वाटायचं, तोच म्हणालाय ना, खरं तेच सांगितलं म्हणून. मग खरं ते हेच असणार." आई खिडकीबाहेर पाहत होती. "सत्तेचाळीस वर्षं मी बाहेर त्याच्या बाजूनं बोलले आणि आत विश्वास ठेवला नाही. हे तुला आज सांगतेय. तो गेला दुसऱ्या वर्षी खोकून खोकून, तेव्हाही नव्हता."

तिनं पर्समधून कागद काढला. आईला तो वाचायला जमलं नसतं. पेन्सिलच्या राखाडीत नुसत्या रेघा दिसल्या असत्या. म्हणून ती जवळ जमिनीवर बसली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू म्हणू लागली, बाप म्हणायचा त्याच चालीत.

*माझी मुकी शहाणी, नाही बोलत कुणाशी,*
*मान टेकून खांद्याशी, उभी राही माझ्यापाशी.*
*तिला कशाला गं वाचा, धाक पुरे तिच्या नावाचा.*

"तुझं गाणं," आई म्हणाली. चार वर्षांची होईस्तोवर पोरगी बोलली नव्हती, म्हणून बाप तिला मुकी म्हणायचा. गाणं तिचंच होतं, असं घरात सगळे धरून चालले होते. "मी म्हणायची त्याला, चार वर्षांच्या पोरीचा कसला रे धाक? तर नुसता हसायचा. खांद्यावर थोपटायचा. नोकरीतलं काही घरी बोलायचं नाही अशी त्याला शपथच घातली होती कारखान्यानं."

"आई, गाणं माझं नव्हतं. आधी नव्हतं. बंदुकीचं होतं."

आणि तिनं सांगितलं. दोन अक्षरं, बुजवलेलं भोक, कोठीवरची सकाळची रांग. तुझी कोणती, माझी मुकी. आई ऐकत होती. मधे एकदा तिचे ओठ हलले, आवाज न करता. ती ते वाक्य बापाच्या तोंडी घालून पाहत होती.

बटण घरंगळत पलंगाखाली गेलं. दोघींपैकी कुणीच वाकलं नाही.

"लिहिणाऱ्याला तो शब्द ठाऊक नसणार," आई म्हणाली. "त्याला वाटलं असेल, पहारेकऱ्याला धड बोलता येत नाही. म्हणून सुधारून लिहिलं. आणि वाचून दाखवलं तेव्हा..."

"तेव्हा बाबांना मुकीच ऐकू आलं."

"म्हणून अंगठा दिला त्यानं. खुशीनं दिला." आईनं शर्ट मांडीवर पसरला, त्याची घडी मोडली, परत घातली. "काय काम आलंय तुला तिकडं? पाटीचं ना?"

"कसं कळलं?"

"आठ दिवस झाले, तू जेवताना माझ्याकडे बघत नाहीस. काय लिहिलंय पाटीवर?"

तिनं सांगितलं.

आई उठून उभी राहिली. पंचाहत्तरी उलटलेली बाई, पण नळावर उभी राहायची तशीच उभी राहिली.

"मग कर पाटी," ती म्हणाली. "खोल कोर. घासून निघता कामा नये."

*

लाकूड उतरवल्यावर नळीला आरपार भोक दिसलं. बोल्टच्या तोंडाशी पिनेचं भोक वितळलेल्या लोखंडानं बुजवलेलं होतं. क्युरेटरनं दोन्ही पाहिली आणि मोठी वही उघडून तिच्यापुढं सरकवली.

"हे नंतरचं आहे, ताई. बघा, लिहिलंय. 'खटल्यानंतर निकामी केली.'"

"कुणी लिहिलंय?"

"कारखान्याच्या कचेरीनं."

"आणि ज्योतीचा ठसा कधी मारला?"

त्यानं पानं उलटली. "रायफली विकत घेतल्या त्या दिवशी. माल आला की ठसा मारायचा, अशी पद्धत होती. गोळीबाराच्या आधी तीन वर्षं."

"बरं."

तिनं पिशवीतून शिशाचा पत्रा काढला, हातोडी काढली आणि आदल्या दिवशी घडवलेले दोन ठसे काढले, एक अक्षराचा, एक ज्योतीचा. टेबलावर जुनं पुस्तक ठेवून वर पत्रा ठेवला.

"हे बघा. आधी अक्षर." तिनं हातोडी मारली. "आता त्याच्यावर ज्योत." परत मारली. "आता शेजारी उलटं. आधी ज्योत, मग अक्षर. झालं. भिंग घ्या. जिथं एकमेकांवरून गेलेत तिथंच बघा."

तो वाकला.

"जो घाव नंतरचा असतो, त्याची कड सलग असते. तो वर बसतो. जो आधीचा, त्याची कड तिथं मोडते, आत दबते. दिसतंय?"

"दिसतंय."

"आता रायफलीवर बघा."

तो बराच वेळ वाकून राहिला. भिंत रंगवणारे बाहेर कुणाच्या तरी लग्नावरून हसत होते. क्युरेटरच्या श्वासानं पोलादावर ओल धरत होती आणि उडून जात होती.

"ज्योत सलग आहे," शेवटी तो म्हणाला.

"आणि अक्षर?"

"मोडलंय."

"म्हणजे कोणतं आधीचं?"

त्यानं भिंग ठेवलं. गळ्याच्या बटणाशी बोट नेलं, ते लावलेलंच होतं.

"ही इथं आली तेव्हाच मुकी होती," ती म्हणाली. "कारखान्याला ते ठाऊक होतं. मेणानं अक्षरं बुजवली आणि वर स्वतःचा ठसा मारला. फाटकावर दिसायला बंदूक हवी होती, तेवढी मिळाली."

"मग गोळी कुणी झाडली?"

"ते तुम्ही शोधा. तुमच्याकडे वह्या आहेत. मी फक्त हिच्याबद्दल सांगते. हिनं नाही झाडली."

"ताई, विश्वस्तांनी मजकूर मंजूर केलाय. छापील पत्रिका गेल्यात. मी... माझ्या हातात नाही हे."

"मग दुसरा पाटीवाला बघा."

"तुम्ही एवढं का मनाला लावून घेताय? सत्तेचाळीस वर्षं झाली. त्या माणसाचं आता कोण..."

"मी आहे," ती म्हणाली. "माझा बाप तो. मी पाच वर्षांची होते."

बाहेरचं हसणं थांबलं होतं. क्युरेटर उभा राहिला, परत बसला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही मला या खुणा वाचू दिल्या असत्या? म्हणाला असतात, मुलगीच ती, तिला हवं तेच दिसणार. म्हणून आधी तुम्हाला बघायला लावलं. आता मला जबाब दाखवा."

तो नकार देईल असं तिला वाटलं होतं. त्यानं कपाट उघडलं.

कागद पिवळा पडला होता. कारकुनाचं अक्षर सुरेख, एकसारखं. ज्यानं लिहिलं त्याला आपल्या अक्षराचा अभिमान असणार. 'माझी चुकी होती.' च ठसठशीत, वरची रेघ सरळ. खाली डाव्या कोपऱ्यात निळसर काळा अंगठा होता. तिनं भिंग त्यावर धरलं. मधोमध चक्र होतं, आणि एक आडवी चीर. काचेनं कापलं होतं तेव्हाची. तो अंगठा तिच्या गालाला खरखरीत लागायचा.

"हाही तपासनिसाचाच ठसा," ती म्हणाली. "त्यानं तपासलं, बरोबर आहे असं ऐकलं, आणि मारला."

मग तिनं मुकीची सगळी गोष्ट त्याला सांगितली. तो लिहून घेत नव्हता. सांगून झाल्यावर त्यानं टाइप केलेला कागद उचलला, दोन बोटांनी दुमडला आणि कुठं ठेवावा ते न कळून खिशात घातला.

"पितळ तुम्ही घेऊन जा," तो म्हणाला. "मला काही विचारू नका."

*

पाटी कोरायला तिला चार दिवस लागले. एरवी दीड दिवसाचं काम. ती एकेका अक्षरावरून कोरणी तीनदा फिरवत होती, आणि प्रत्येक फेरीनंतर नखानं खोली बघत होती.

उद्घाटनाच्या सकाळी ती स्वतः गेली. रायफल काचेच्या पेटीत निजवलेली होती, डावं अंग वर करून, म्हणजे ज्योत आणि दोन अक्षरं दिसावीत. हे कुणी केलं ते तिनं विचारलं नाही. पाटीला तिनं स्क्रूची भोकं ठेवली नव्हती. लाकडी चौथऱ्यात पितळेच्या मेखा ठोकल्या आणि त्यांची डोकी चपटी करून टाकली.

विश्वस्त अकराला आले, हार घातलेले. मागं चार-पाच माणसं. पेटीपाशी थांबून त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागले, भाषणाच्या आवाजात.

"'कवायती रायफल, क्रमांक सतरा. कारखान्यात येण्यापूर्वीच निकामी. हिच्यातून गोळी सुटू शकत नव्हती. पहारेकऱ्याचा जबाब : माझी...'" ते थांबले. "हे काय? मंजूर केलेला मजकूर कुठाय? आणि इथं 'चुकी'चं 'मुकी' झालंय. अक्षरसुद्धा चुकलंय!"

ती हातोडी पिशवीत घालत होती. तिनं मान वर केली, पण ती काही बोलायच्या आधीच क्युरेटर बोलला. त्याच्या गळ्याचं बटण उघडं होतं.

"चुकलं होतं, साहेब. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी. आता बरोबर आहे."

"पाटी काढा."

"मेखा आहेत," क्युरेटर म्हणाला.

"मग घासून टाका!"

"घासा की," ती म्हणाली. "त्या रायफलीवरचा मुकुटही घासलाय. बोट फिरवून बघा. जागा राहते."

विश्वस्तांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या माणसांकडे. फोटोवाला कॅमेरा खाली घेऊन पाटी वाचत होता. त्याच्या शेजारचा त्याला विचारत होता, मुकी म्हणजे रे काय. विश्वस्तांनी हार काढून कुणाच्या तरी हातात दिला आणि ते पुढच्या दालनाकडे गेले. तिथं काचेचे दिवे मांडले होते. क्युरेटर त्यांच्यामागून गेला, सावकाश. जाताना त्याचे खांदे थोडे पडले होते, पण त्यानं मागं वळून पाटीकडे एकदा पाहिलं.

दालन रिकामं झालं तेव्हा आई आत आली. इतका वेळ ती दाराशी बाकावर बसून होती; गर्दीत धक्काबुक्की नको म्हणाली होती. चपला तिनं दाराबाहेर काढल्या होत्या, काढायला कुणी सांगितलं नव्हतं. ती चौथऱ्यापाशी आली आणि पितळेवर बोट ठेवलं. वाचायला ती उशिरा शिकली होती, लेकीच्याच पाटीवर. बोट एकेका अक्षरावरून सरकत गेलं. शेवटच्या ओळीत 'मु'पाशी थांबलं. कोरलेल्या खाचेत नख अर्धं बुडालं.

"खोल आहे," ती म्हणाली.

"तूच म्हणालीस."

आईनं मान हलवली. ती किती तरी वेळ तशीच उभी राहिली, बोट खाचेत ठेवून. मग नाक ओढलं, पदर सारखा केला आणि नळावरच्या त्या जुन्या ठसक्यात म्हणाली :

"बोललीस गं एकदाची, मुके."

ती "ओ" म्हणणार होती. सत्तेचाळीस वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. पण आई काचेआडच्या रायफलीकडे पाहत होती.